छंदाची अवजारे आणि दोघांचा हिशेब

या धड्यात आपण पाहू:
• छंदासाठी घेतलेल्या यंत्राची किंवा अवजाराची खरी किंमत कशी काढावी
• रोख, हप्ते, क्रेडिट कार्ड आणि आवर्ती ठेव यांत नेमका किती रुपयांचा फरक पडतो
• नवरा-बायकोने अशा खरेदीबद्दल कधी आणि कसे बोलावे
• कोणता पैसा या खरेदीसाठी वापरू नये

विषय छोटा, भांडण मोठे

घर बांधायचे, मुलीचे शिक्षण किंवा ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर घरात चार वेळा चर्चा होते. ड्रिल मशीन, कॅमेऱ्याची लेन्स, हार्मोनियम, भरतकामाचे शिलाई यंत्र, केक भाजायचा ओव्हन किंवा बागेतले गवत कापायचे यंत्र घेताना मात्र बहुतेक वेळा चर्चा होत नाही. वस्तू थेट घरी येते आणि चर्चा नंतर होते. तोपर्यंत पैसे गेलेले असतात, त्यामुळे ती चर्चा न राहता तक्रार होते.

संयुक्त खात्यामुळे हे आणखी सोपे होते. बहुतेक जोडप्यांचे बचत खाते "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचे असते. अशा खात्यातून दोघांपैकी कोणीही, दुसऱ्याच्या सहीशिवाय, पैसे काढू शकतो. बँक दुसऱ्याला विचारत नाही, कारण विचारायचे नाही असे दोघांनीच खाते उघडताना लिहून दिलेले असते. शिवाय व्यवहाराचा संदेश अनेकदा एकाच्याच मोबाइलवर जातो. दुसऱ्याला खरेदी कळते ती पासबुक भरल्यावर. बँकेच्या नियमात ही रक्कम काढणे बरोबर असते. घराच्या नियमात ती बरोबर आहे का, हे दोघांनी आधी ठरवायचे असते.

छंद ही उधळपट्टी नव्हे. आठवडाभर शाळेत, दुकानात, शेतात किंवा स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाला रविवारी दोन तास स्वतःचे काहीतरी करावेसे वाटणे रास्त आहे. त्यामुळे "घ्यावे की घेऊ नये" यापेक्षा "किती, कधी, कोणत्या पैशातून आणि दुसऱ्याच्या वाट्याला काय" हे प्रश्न अधिक कामाचे आहेत.

पहिली पायरी: खरी किंमत काढा

दुकानातली किंमत ही खरी किंमत नसते. एक उदाहरण घेऊ. समजा, अभनपूरमध्ये राहणाऱ्या एका शिक्षकाला रविवारी सुतारकाम करायला आवडते. रायपूरच्या बाजारात त्याने ड्रिल मशीन, गोल करवत, सँडर आणि शिकंजे पाहिले. सगळे मिळून २१,००० रुपये. पण करवत चालवायची तर डोळ्यांना गॉगल हवा, धुळीसाठी मास्क हवा, अर्थिंग असलेला विजेचा बोर्ड हवा, जास्तीची पाती हवीत. हे आणखी ३,००० रुपये. म्हणजे घरात सांगायचा आकडा २१,००० नसून २४,००० आहे.

आता वर्षाचा खर्च पाहू. पाच वर्षांनी ही यंत्रे विकली तर ६,००० रुपये येतील असे धरू.

२४,००० − ६,००० = १८,००० रुपये
१८,००० ÷ ५ वर्षे = वर्षाला ३,६०० रुपये
पाती, पॉलिश पेपर, गोंद, स्क्रू: महिन्याला २०० प्रमाणे वर्षाला २,४०० रुपये
एकूण: वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५०० रुपये

"एकदाच तर घ्यायचे आहे" हे वाक्य म्हणूनच खरे नसते. छंद दर महिन्याला खर्च मागतो. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर "चोवीस हजार!" ऐकून बसणारा धक्काही पूर्ण खरा नसतो. महिन्याला ५०० रुपये हा आकडा दोघांना शांतपणे बोलता येईल असा आहे.

आणखी एक भागाकार करा. वर्षाच्या ३,६०० रुपयांना वापराच्या दिवसांनी भागा. वर्षात ४० रविवार यंत्र चालले, तर दर वेळी ९० रुपये पडले. फक्त १० रविवार चालले, तर ३६० रुपये पडले. दहाच रविवार वापर होणार असेल, तर यंत्र भाड्याने आणणे, ओळखीच्या सुताराकडे पैसे देऊन कापून घेणे किंवा दोन मित्रांनी मिळून घेणे स्वस्त पडेल का, हे आधी विचारा.

दुसरी पायरी: पैसे कसे द्यायचे ते तपासा

तेच २४,००० रुपये चार वाटांनी देता येतात.

१. रोख. किंमत तेवढीच राहते, पण घरची गंगाजळी एकदम कमी होते. घरखर्चाचे निदान तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवून उरत असेल, तरच ही वाट धरा.

२. मासिक हप्ते. १५ टक्के व्याजाने १२ महिन्यांचा हप्ता सुमारे २,१६६ रुपये बसतो. वर्षात एकूण सुमारे २५,९९४ रुपये जातात. ५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर आणखी ५९० रुपये. एकूण सुमारे २६,५८४ रुपये.

३. क्रेडिट कार्ड. बिल पूर्ण भरले तर व्याज लागत नाही. पण बाकी ठेवली आणि महिन्याला ३.५ टक्के दर असेल, तर २४,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज ८४० रुपये आणि त्यावर जीएसटी सुमारे १५१ रुपये, म्हणजे ९९१ रुपये होतात. वर्षाचा दर ४२ टक्के पडतो. बिलावर छापलेली "किमान देय रक्कम" भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही.

४. आवर्ती ठेव. महिन्याला २,००० रुपये, १२ महिने. व्याजदर ६.५ टक्के धरला, तर वर्षअखेर २४,००० रुपयांवर सुमारे ८५० रुपये व्याज हाती येते.

दुसऱ्या आणि चौथ्या वाटेत फरक किती? हप्त्यांत २,५८४ रुपये जास्त गेले. ठेवीत ८५० रुपये जास्त आले. दोन्ही मिळून सुमारे ३,४०० रुपये. एक वर्ष थांबण्याची ही मजुरी आहे. शिवाय वर्षभरानंतरही तीच वस्तू हवीशी वाटते की नाही, हेही कळते. नाही वाटली, तर २४,८५० रुपये आपल्याच खात्यात आहेत.

"विनाव्याज हप्ता" या जाहिरातीबद्दल दोन शब्द. कोणीही फुकट कर्ज देत नाही. बहुतेक वेळा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळत नाही, किंवा व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली घेतले जाते. व्याज असे लपवणाऱ्या शून्य टक्के योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना ताकीद दिली होती. दुकानात एकच प्रश्न विचारा: "आज रोख दिले तर किती घ्याल?" त्या आकड्यात आणि हप्त्यांच्या बेरजेत जो फरक असेल, ते व्याज.

कर्ज घ्यायचेच ठरले, तर "मुख्य तथ्य विवरण" मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्कांसह वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो कागद घरी आणा आणि दोघांनी वाचा.

तिसरी पायरी: कोणत्या पैशाला हात लावायचा नाही

पत्नीचे दागिने. माहेरहून आलेले आणि लग्नात तिला मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे. ते नवरा-बायकोची संयुक्त मालमत्ता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे. अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरले, तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. करवत किंवा कॅमेरा ही अडचणीची वेळ नव्हे.

तिची कमाई आणि तिच्या खात्यातले पैसे. विवाहित स्त्रीने नोकरी, धंदा किंवा कसबातून कमावलेला पैसा तिचा स्वतंत्र पैसा आहे, असे कायदा सांगतो. छत्तीसगडमध्ये मार्च २०२४ पासून अनेक विवाहित महिलांच्या खात्यात महतारी वंदन योजनेचे महिन्याला १,००० रुपये येतात. "ते तर असेच येतात" म्हणून ते कोणाच्याही छंदाच्या हिशेबात गृहीत धरू नका. ती स्वतःहून म्हणाली तर गोष्ट वेगळी.

अजून हाती न आलेला पैसा. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांच्याकडे धान खरेदीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, पैसा येतो. गेल्या काही हंगामांत आधारभूत किंमत आधी आणि फरकाची रक्कम नंतर मिळाली आहे. नंतर येणाऱ्या रकमेवर आज वस्तू उचलू नका. पोळा, तीजा, गणपती, दिवाळी, शाळेची फी आणि पुढच्या पेरणीचे बियाणे-खत यांचे पैसे आधी वेगळे काढा.

जोडीदाराची सही. हप्त्याच्या अर्जावर "सह-अर्जदार" किंवा "जामीनदार" म्हणून सही म्हणजे नुसती ओळख नव्हे. सह-अर्जदार कर्जाला बरोबरीने बांधील असतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारीही, करारात वेगळे लिहिले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. "इथे फक्त सही कर" असे म्हणून कागद पुढे करू नका आणि केला तर वाचल्याशिवाय सही करू नका.

एक जुने, खरे उदाहरण

छंदाच्या यंत्रासाठी घर पणाला लावणारे सर्वांत प्रसिद्ध मराठी जोडपे म्हणजे दादासाहेब आणि सरस्वतीबाई फाळके. गिरगावात येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर दादासाहेबांना चलच्चित्राने झपाटले. त्यांनी आधी मोठे यंत्र घेतले नाही. एक छोटा कॅमेरा आणि रिळे आणून घरीच प्रयोग केले. नंतर विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे तंत्र पाहिले, शिकले, आणि मग विल्यमसन कॅमेरा घेतला. परत आल्यावर कुंडीत वाटाणे पेरून, अंकुर वाढताना महिनाभर टिपून, जेमतेम मिनिटभराची "अंकुराची वाढ" ही फीत तयार केली. ती पाहूनच पैसे देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या आणि कलाकार-कामगारांचा स्वयंपाकही त्यांनी सांभाळला. ३ मे १९१३ रोजी "राजा हरिश्चंद्र" मुंबईत प्रदर्शित झाला.

लहान बचतदाराने यातून काय घ्यावे? तीन गोष्टी. आधी छोट्या साधनावर हात बसवला. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते शिकून घेतले. आणि मोठा पैसा मागण्यापूर्वी एक छोटे, पूर्ण झालेले काम दाखवले. बायको त्या कामात माहीतगार भागीदार होती. तिला नंतर कळवले, असे झाले नाही.

काय घेऊ नये, हेही तितकेच स्पष्ट आहे. विमा आणि दागिने दोन्ही एकाच वेळी पणाला लावणे आपल्याला परवडणारे नाही. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब १९४४ मध्ये नाशिकला वारले, तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती हलाखीची होती. ज्यांचे धाडस फळले त्यांची गोष्ट सांगितली जाते. ज्यांचे बुडाले त्यांची आठवण फक्त त्यांच्या घरच्यांना राहते.

चौथी पायरी: दोघांचा सारखा हातखर्च

बोलणी सोपी करण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे दर महिन्याला दोघांना सारखा हातखर्च ठरवणे. कमाई कोणाची किती, याचा यात संबंध नाही. घर चालवणारी व्यक्ती पगार आणत नसली, तरी घर तिच्या श्रमावर चालते. म्हणून रक्कम सारखी. या पैशाचा हिशेब दुसऱ्याने मागायचा नाही.

वरच्या उदाहरणातील शिक्षकाच्या घरी समजा प्रत्येकी १,००० रुपये ठरले. तर २४,००० रुपयांचे सामान त्याच्या एकट्याच्या हातखर्चातून २४ महिन्यांत होईल. त्याला ते १२ महिन्यांत हवे असेल, तर महिन्याला आणखी १,००० रुपये घरच्या पैशातून लागतील, म्हणजे वर्षात १२,००० रुपये. बोलणी करायची ती या १२,००० रुपयांवर. बायको म्हणू शकते, "चालेल. पण पुढच्या वर्षी तेवढेच १२,००० माझ्या भरतकामाच्या यंत्राला." हे लिहून ठेवा. पाळी ठरलेली असली की "तुमचे होते, माझे राहून जाते" ही तक्रार उरत नाही. अनेक घरांत पैशापेक्षा हीच गोष्ट जास्त सलत असते.

तिसरी वाटही आहे. सगळे सामान एकदम न घेता आधी फक्त ४,५०० रुपयांचे ड्रिल मशीन घ्या. ते साडेचार महिन्यांच्या हातखर्चात येते आणि कोणाला विचारावेच लागत नाही. त्यावर घरासाठी एक फळी, एक पाट, एक चपलांचा कप्पा तयार करा. करवतीची गोष्ट त्यानंतर काढा.

पाचवी पायरी: बोलायचे कसे

• वेळ निवडा. महिनाअखेर, पाहुण्यांसमोर किंवा दुकानाच्या काउंटरवर हा विषय काढू नका.
• आकडे कागदावर घेऊन बसा: खरी किंमत, महिन्याचा खर्च, वापराचे दिवस, पैशाची वाट, ठेवायची जागा.
• जागा आणि वेळ हाही खर्च आहे. सँडरची धूळ आणि आवाज कोण सोसणार? रविवारी दोन तास तुम्ही ओसरीवर असाल, तर मुलांकडे कोण पाहणार? त्या बदल्यात दुसऱ्याला कोणते दोन तास मोकळे मिळणार?
• "यातून कमाई होईल" असे सांगायचे असेल, तर ग्राहक कोण, दर काय, महिन्याला किती नग, हे लिहा. लिहिता येत नसेल, तर तो छंदच आहे असे मान्य करा. छंदाला कमाईचा आधार लागत नाही.
• ठरल्यावर १५ दिवस थांबा. "आज रात्रीपर्यंतच सवलत" ही घाई दुकानदाराची आहे, आपली नाही.

दोन संवाद वाचून पाहा.

असे नको:
"अगं, चोवीस हजारांचे आहे, पण हप्ता फक्त दोन हजार. मी घेऊन टाकलंय."
"घेतलंच आहे तर मला कशाला सांगता?"

असे चालेल:
"अगं, मला सुतारकामाची यंत्रे घ्यायची आहेत. सगळे धरून चोवीस हजार होतात. हा कागद बघ. कुठे अडतंय ते सांग."
"अहो, पैशाचं बघू. पण ही धूळ घरात नको. आणि गेल्या वर्षी माझं यंत्र पुढे ढकललं, ते आधी लिहा."
"बरोबर आहे. मग पहिली पाळी तुझी. मी ड्रिलपासून सुरुवात करतो."

दुसऱ्या संवादातही नकाराचा अर्धा भाग आहे. तो भांडण होत नाही, कारण खरेदी अजून झालेली नाही.

चोरून खरेदी आधीच झाली असेल तर

किंमत कमी करून सांगणे किंवा खोके मित्राकडे ठेवणे, हे प्रकार पहिल्या हप्त्यापर्यंतच टिकतात. हप्ता चुकला, तर कर्जदाराच्या पतनोंदीवर परिणाम होतो. पुढे घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तीच नोंद समोर येते. म्हणून बाकी रक्कम, हप्ता आणि शेवटची तारीख जोडीदाराला आजच सांगा. महागडे कर्ज, विशेषतः कार्डाची बाकी, आधी फेडा. हप्ता स्वतःच्या हातखर्चातून द्या. आणि संयुक्त खात्यासाठी एक मर्यादा ठरवा, जसे की ३,००० रुपयांच्या वरचा बिगर-घरखर्च दोघांना माहीत असल्याशिवाय करायचा नाही. शाखेत जाऊन मोबाइल क्रमांक अद्ययावत करा आणि दुसऱ्या खातेदारालाही व्यवहार पाहण्याची सोय करून घ्या.

घरी करून पाहा

एका कोऱ्या पानाचे दोन भाग करा. एका बाजूला एकाने, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने लिहायचे.
१. मला हवी असलेली छंदाची एक वस्तू
२. तिची खरी किंमत, जोडखर्चासह
३. महिन्याचा खर्च, वरच्या पद्धतीने
४. वर्षात किती दिवस वापरेन
५. छोट्या साधनावर सुरुवात करता येईल का
६. आवर्ती ठेव महिन्याला किती आणि किती महिने

मग पाने अदलाबदल करून वाचा. त्याच बैठकीत निर्णय घेऊ नका. कोणाची पाळी आधी आणि ठेव कधी सुरू करायची, एवढ्या दोन ओळी खाली लिहा आणि दोघांनी सह्या करा.

लक्षात ठेवा

• दुकानातला आकडा आणि खरी किंमत वेगळी असते.
• हप्त्यांची बेरीज वजा रोख किंमत, म्हणजे व्याज.
• दागिने, जोडीदाराची कमाई आणि न आलेला पैसा छंदासाठी नाही.
• हातखर्च दोघांना सारखा, मोठ्या खरेदीची पाळी लिहिलेली.
• आधी बोलणे, मग आवर्ती ठेव, शेवटी दुकान.